बांधीतली फायनल आणि बंदीचा कागद

वकीलताई, नमस्कार.

मी चामोर्शी तालुक्यातल्या एका गावच्या क्रीडा मंडळाचा सचिव आहे. धान निघालं की आमच्याकडे दरवर्षी शेतातल्या बांध्या सपाट करून फुटबॉलचे सामने होतात. मागच्या फायनलला वैनगंगेच्या पलीकडचं गाव समोर होतं. आम्ही एका गोलनं मागं होतो. शेवटच्या पाच मिनिटांत आमचा गोल रेफरीनं ऑफसाइड दिला आणि पब्लिक आत शिरली. रेफरी सरांना मारलं. आमच्या बाजूनं गेलेली काचेची बाटली लागून पलीकडच्या एका पोट्ट्याच्या डोक्याला चार टाके पडले. जातीवरून, गावावरून नको ते बोलणं झालं. सर्वांत आधी आत धावला तो माझा सख्खा लहान भाऊ.

यंदा ठाणेदार साहेब म्हणतात, हमीपत्र द्या, नाहीतर परवानगी नाही. मंडळात काही जण म्हणतात, इंग्लंडसारखे कडक नियम करा, बोर्ड लावा, जो आत शिरेल त्याला जेल, मैदानाला काटेरी तार घाला. काही म्हणतात, पलीकडच्या गावालाच बंदी करा, झंझट संपली. असे नियम आम्हाला करता येतात काय? अन् भावाचं काय करू? बैठकीत मी त्याचं नाव घेतलं तेव्हापासून घरात आमचं बोलणं बंद आहे.

एक सचिव

*

सचिवभाऊ,

पत्र दोनदा वाचलं. सगळं लिहिलंत, पण तो गोल खरंच ऑफसाइड होता की नाही तेवढं लिहिलं नाही. यावरून माझा अंदाज, होता. नसता तरी काही बिघडत नव्हतं. फुटबॉलच्या सतरा नियमांतला पाचवा नियम रेफरीचा. खेळातल्या घटनेबद्दल, अगदी गोल झाला की नाही याबद्दलसुद्धा, त्याचा निर्णय अखेरचा असं त्यात लिहिलंय. बाहेरच्यांनी आत ढवळाढवळ केली तर सामना थांबवायचा, काही वेळ स्थगित ठेवायचा किंवा रद्द करायचा अधिकारही तोच नियम त्याला देतो. म्हणजे बरोबरीसाठी जी पाच मिनिटं तुमच्या हातात होती, ती तुमच्याच लोकांनी घालवली.

आता एक जुनी गोष्ट सांगते, ती बैठकीत सांगा, पण पूर्ण सांगा. २४ मे १९६४, पेरू देशातलं लिमा शहर. पेरू विरुद्ध अर्जेंटिना, ऑलिंपिकच्या पात्रतेचा सामना. पेरू एका गोलनं मागं. शेवटच्या मिनिटांत त्यांचा बरोबरीचा गोल रेफरीनं नाकारला. एक प्रेक्षक आत धावला, त्याच्या मागं दुसरा. तुमची फायनलच जणू. पोलिसांनी प्रेक्षकांवर अश्रुधूर सोडला, लोक जिन्यांवरून खाली पळाले, तर खालची लोखंडी दारं बंद. सरकारी आकडा ३२८ मृत्यूंचा आहे आणि त्यातले बहुतेक लोक त्या जिन्यांमध्ये चेंगरून, गुदमरून मेले. आत धावणारे दोघं होते. जे मेले ते आपापल्या जागी बसून सामना पाहायला आले होते.

साठ वर्षांपूर्वीचं काय घेऊन बसलात, असं कोणी म्हणेल. तर १ ऑक्टोबर २०२२, इंडोनेशियातलं मलंग. यजमान संघ हरला, चाहते मैदानात उतरले, पोलिसांनी अश्रुधूर सोडला, लोक अरुंद दारांकडे पळाले. १३५ मेले. मैदानाच्या कडेला असा धूर वापरू नये असं फिफाचं, म्हणजे जागतिक फुटबॉल संघटनेचं, सुरक्षेचं नियमपुस्तक आधीपासून सांगत होतं. आणि तुमच्या तालुक्यातल्या बंगाली वस्त्यांमध्ये जुनी माणसं असतील, त्यांना १६ ऑगस्ट १९८० विचारा. ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगालच्या सामन्यात गॅलरीत हाणामारी झाली, पळापळीत १६ प्रेक्षक गेले. कोलकात्यात अजून तो दिवस फुटबॉलप्रेमी दिवस म्हणून पाळतात.

भीती घालायला हे लिहिलं नाही. तुमच्या बैठकीत सगळी चर्चा आत शिरणाऱ्यांना काय करायचं याची झालेली दिसते. बाहेर पडायची वाट कुठं आहे, हे कोणी विचारलं का? तुमच्या पत्रात तरी ते नाही.

इंग्लंडचं नाव घेणारी पोरं मोबाइलवर प्रीमियर लीग पाहत असतील. चांगलं आहे. पण तिथले कायदे एका दिवसात बोर्डावर रंगवले गेले नाहीत. १९८५ चा कायदा दारूबद्दल आहे: सामन्याला नेणाऱ्या बसमध्ये दारू नको, नशेत स्टेडियममध्ये शिरायचं नाही, मैदान दिसेल अशा जागी दारू जवळ ठेवायची नाही. १९९१ च्या कायद्यानं तीन गोष्टी सरळ गुन्हा ठरवल्या: काहीही फेकणं, अश्लील किंवा वंशद्वेषी घोषणा देणं, आणि परवानगी किंवा सबळ कारण नसताना मैदानात उतरणं. शिवाय १९८९ च्या कायद्यातून आलेला बंदीचा आदेश आहे. तो कमीत कमी तीन वर्षांचा, जास्तीत जास्त दहा वर्षांचा. त्या काळात माणसानं सामन्याला जायचं नाही आणि आपला संघ परदेशी खेळत असेल तेव्हा पासपोर्ट पोलिसांकडे जमा करायचा. मोडला तर तुरुंग. मात्र हा आदेश कोर्ट देतं, क्लबचा अध्यक्ष देत नाही. आणि तो एका माणसाच्या नावानं असतो.

हा कडकपणा आला तो २९ मे १९८५ नंतर. ब्रसेल्सच्या हायसेल स्टेडियममध्ये लिव्हरपूलचे चाहते युव्हेंटसच्या चाहत्यांवर धावून गेले, भिंत कोसळली, ३९ जण मेले. इंग्लंडच्या सगळ्या क्लबांना युरोपातल्या स्पर्धांतून निदान पाच वर्षं बाहेर बसावं लागलं. तुमच्या 'कडक नियम' गटाला इथपर्यंतची गोष्ट आवडेल.

पुढची त्यांना आवडणार नाही. १५ एप्रिल १९८९, शेफील्डचं हिल्सबरो मैदान. बाहेर गर्दी वाढली म्हणून पोलिसांनी एक फाटक उघडलं, पण आधीच खच्चून भरलेल्या कप्प्यांकडे जाणारी वाट बंद केली नाही. पुढं लोखंडी कुंपण. ते कशासाठी बांधलं होतं? प्रेक्षकांनी मैदानात शिरू नये म्हणून. पुढची माणसं त्याच कुंपणावर चेंगरली. ९७ जण गेले, त्यातला शेवटचा त्या दिवसाच्या दुखापतींनी २०२१ मध्ये. पोलिसांनी आणि काही वर्तमानपत्रांनी खापर चाहत्यांवर फोडलं: दारू पिऊन आले, दार तोडून शिरले. तब्बल २७ वर्षांनी, २०१६ मध्ये, ज्युरीनं सांगितलं की चाहत्यांचा दोष नव्हता, ही माणसं बेकायदा मारली गेली. त्याआधी १९९० मध्येच या दुर्घटनेची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती टेलर यांच्या अहवालानंतर ती कुंपणं निघू लागली होती आणि मोठ्या क्लबांना प्रत्येक प्रेक्षकाला बसायला खुर्ची देणं भाग पडलं.

म्हणून रानडुकरांसाठी आणलेली काटेरी तार मैदानाला लावायची कल्पना आजच सोडून द्या. तारेआडून माणूस आत येणार नाही, तसा तो बाहेरही जाणार नाही. बांबू रोवून जाड दोर बांधा, रेषेपासून चांगला दूर, आणि चारही बाजूंनी रुंद मोकळ्या वाटा ठेवा. बांबूची गॅलरी उभारणार असाल तर जास्तच जपा. मार्च २०२२ मध्ये केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात सेव्हन्स, म्हणजे सात-सात खेळाडूंच्या, फुटबॉलच्या फायनलला तात्पुरती गॅलरी बसली आणि शंभराहून जास्त माणसं जखमी झाली. तिथं कोणी भांडत नव्हतं, पेलेल त्यापेक्षा जास्त लोक चढले होते. झाडीपट्टीत रात्रभर चालणाऱ्या नाटकाला हजारो लोक येतात ना? खुर्चीचं तिकीट वेगळं, जमिनीचं वेगळं, आत यायची वाट ठरलेली. ते मंडप ज्यांनी घातले त्यांना बोलवा, त्यांना हे माझ्यापेक्षा चांगलं समजतं.

आता आपला कायदा. फुटबॉलच्या प्रेक्षकांसाठी आपल्याकडे इंग्लंडसारखा वेगळा कायदा नाही. नुसतं मैदानात पाऊल टाकलं म्हणून कोणी आपोआप गुन्हेगार ठरत नाही. तेव्हा 'जो शिरेल त्याला जेल' हा बोर्ड लावू नका. जेलची किल्ली मंडळाकडे नाही, आणि पहिल्याच पोट्ट्यानं ते हसण्यावारी नेलं की बोर्डावरच्या बाकीच्या ओळीही फुकट जातात.

पण आत शिरून जे केलं त्याला भारतीय न्याय संहितेत भरपूर कलमं आहेत. ती १ जुलै २०२४ पासून लागू आहे. रेफरी सरांना मारलं, ती साधी दुखापत, कलम ११५(२), एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हा अदखलपात्र गुन्हा, म्हणून ठाण्यात बहुधा नुसती एनसी नोंदवली असेल. काही लोक तावातावानं सांगतील की सर जिल्हा परिषदेचे शिक्षक आहेत, सरकारी नोकराला मारहाण लावा. लागत नाही. शिटी वाजवताना ते सरकारी कामावर नव्हते. काचेची बाटली मात्र महागात पडू शकते. जीव घेऊ शकेल अशा वस्तूनं केलेली दुखापत ठरली तर कलम ११८(१), तीन वर्षांपर्यंत. पाच किंवा जास्त जण मिळून मारायच्या इराद्यानं गेले तर ती बेकायदेशीर जमाव आणि दंगल, कलम १८९ आणि १९१. तिथं 'मी तर फक्त सोबत होतो, हात माझा नव्हता' हे म्हणणं सहजासहजी चालत नाही. भावाला एवढं वाक्य वाचून दाखवा.

शिव्यांचं प्रकरण तुम्ही पत्रात एका ओळीत उरकलं. मला तेच सर्वांत जड वाटतं. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला त्या जाती-जमातींबाहेरच्या कोणी लोकांसमोर जातीवरून शिवी दिली किंवा अपमान केला, तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागतो: सहा महिने ते पाच वर्षं, आणि अटकपूर्व जामीन सहसा नाही. मॅच होती, डोकं गरम होतं, असलं काही चालत नाही. हे तंटामुक्ती समितीत चहा पिऊन मिटवायचं प्रकरण नाही. तसं मिटवायचा दबाव कोणी आणला, तर तुम्ही सचिव म्हणून त्यात सही करू नका. बंगाली पोरांना 'तुमच्या देशात जा' म्हणणारे महाभाग तुमच्याकडे असतीलच. जन्मस्थान, भाषा, राहण्याचं ठिकाण यांवरून दोन समाजांत वैर पेटवणं हाही गुन्हा आहे, कलम १९६.

यावर फुटबॉलवाल्यांकडे एक चांगली रीत आहे, ती जशीच्या तशी उचला. वंशद्वेषी घोषणा आल्या तर रेफरी आधी खेळ थांबवतो आणि माइकवरून सूचना होते. पुन्हा झालं तर खेळाडूंना काही वेळ आत पाठवतो. तिसऱ्यांदा झालं तर सामना रद्द. तुमच्याकडे तर समालोचकच अर्धं गाव पेटवतो. त्याला आधी बसवून समजवा की नाव घेऊन खिजवायचं नाही आणि थांबवायची घोषणा त्यानंच करायची. लाउडस्पीकरची परवानगी वेगळी काढा, आणि रात्री १० नंतर तो बंदच.

नदीपलीकडच्या गावाला बंदी? सचिवभाऊ, बाटली तुमच्या बाजूनं गेली आणि टाके त्यांच्या पोराला पडले, असं तुम्हीच लिहिलंय. मग बंदी कोणाला घालता? अर्जेंटिनात २०१३ पासून पाहुण्या संघाच्या चाहत्यांना बंदी घातली गेली, पण एकाच क्लबच्या टोळ्या आपसात भिडायच्या त्या भिडतच राहिल्या. फिफाचे शिस्तीचे नियमही मैदानावरच्या सुव्यवस्थेसाठी आधी यजमानाला धरतात. यजमान तुम्ही आहात. शिवाय मैदान ग्रामपंचायतीचं असेल तर तिथं कोणाला येऊ द्यायचं हे मंडळानं परस्पर ठरवायचं नसतं. आणि जात पाहून कोणाला अडवलंत तर प्रकरण थेट संविधानाच्या कलम १५ पर्यंत जातं. खासगी बांधी असेल आणि मालकाची लेखी संमती असेल, तर एखाद्या ठराविक माणसाला 'तू येऊ नको' असं कळवता येतं. तरी तो त्रास द्यायला घुसला, तर कलम ३२९, बेकायदा प्रवेश.

एका माणसापुरती बंदी हवी असेल तर आपल्याकडे इंग्लंडच्या आदेशाच्या जवळ जाणारा एक रस्ता आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १२६, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं १०७. अमुक माणूस शांतता भंग करेल अशी पोलिसांकडून माहिती आली, तर कार्यकारी दंडाधिकारी, म्हणजे तुमचे तहसीलदार, त्याला नोटीस काढून एका वर्षापर्यंत शांतता राखण्याचा बाँड लिहून घेऊ शकतात. मागच्या वर्षीच्या व्हिडिओत ज्या चार-पाच जणांचे हात स्पष्ट दिसतात, तेवढ्यांचीच नावं ठाण्यात द्या. गावाचं नाव नको.

दारूचं काय ते वेगळं सांगायला नको. तुमच्या जिल्ह्यात १९९३ पासून बंदी, पलीकडे चंद्रपुरात २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. म्हणजे तुमचा पाहुणा नदी ओलांडतो तेव्हा त्याच्या पिशवीतली बाटली त्या काठावर सौदा असते आणि या काठावर गुन्हा. पलीकडच्या मंडळाला हे आधीच फोन करून सांगा, इथं आल्यावर अपमान झाल्यासारखं वाटू नये. गेटवर गावातल्या बचत गटाच्या, दारूबंदीत पुढं असलेल्या बायका उभ्या करा. पोट्टे ठाणेदाराला भीत नसतील एवढे त्यांना भितात. कोणतीही बाटली आत नको, पाण्याचीसुद्धा. पिण्याचं पाणी ड्रम भरून आत ठेवा आणि पुरेसं ठेवा, नाहीतर बाटली कोणत्या तोंडानं अडवणार?

हमीपत्राबद्दल. ठाण्यात एक तयार मजकूर मिळेल: काहीही अनुचित घडल्यास सर्वस्वी मंडळ जबाबदार राहील. त्यावर डोळे झाकून सही करू नका. उद्या वीज पडली तरी तो कागद तुमच्यासमोर धरतील. विनंती करा की आम्ही काय करणार ते लिहून देतो. स्वयंसेवक किती, कोणत्या रंगाच्या टी-शर्टमध्ये, कोणत्या वाटेवर. दोन्ही गावांची बसायची जागा समोरासमोरच्या बाजूंना, मधे मैदान. पाहुण्यांची वाहनं गावाबाहेरच्या टोकाला. सामना संपला की आधी ते निघतील, मग बक्षीस वाटप. रेफरीला मैदानातून बाहेर न्यायला चार माणसं, नावानिशी. रुग्णवाहिका किंवा निदान एक गाडी रिकामी, चावी लावलेली. आणि फायनल दुपारी एवढ्या लवकर सुरू करा की पेनल्टीपर्यंत गेली तरी उजेड असेल. जानेवारीत आपल्याकडे सहा वाजायच्या आत दिवस बुडतो, आणि पुढाऱ्यांची भाषणं सामन्याआधी ठेवली तर तो उजेड भाषणांतच संपतो. कोणता पुढारी रागावेल त्याला माझं नाव सांगा.

आणखी एक. कामठी-नागपूरहून, बल्लारपूरहून पैसे देऊन खेळाडू आणता ना? यंदा दोन्ही मंडळांनी मिळून आधीच ठरवा, बाहेरचे किती चालतील. मागच्या वर्षी लोक चिडले त्यात ऑफसाइड किती आणि भाड्याचा स्ट्रायकर किती, हे मला पत्रावरून कळत नाही, तुम्हाला मात्र ठाऊक असेल.

आता भाऊ. बैठकीत त्याचं नाव घेतलंत ते बरोबर केलंत, पण घरी आधी सांगायला हवं होतं. चारचौघांत कळलं म्हणून तो जास्त दुखावला असेल. बंदीच्या यादीत इतरांची नावं टाकून त्याचं गाळलंत तर यादी तिथंच फाडून टाका, कोणी मानणार नाही. त्याचं नाव पहिलं लिहा, त्याला आधी सांगून. यंदा तो दोराच्या आत तर नाहीच, मैदानावरही नाही. स्वयंसेवक करून 'सुधारू' असं कोणी सुचवेल, पण या वर्षी नको. ज्या पोराला टाके पडले त्याच्या घरचे ते काय म्हणून पाहतील?

त्याआधी एक काम त्याच्याकडून करून घ्या, आणि सोबत तुम्ही जा. रेफरी सरांच्या घरी. हळू आवाजात, ओट्यावर बसून, जे झालं ते त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगायचं. तुम्ही मधे बोलायचं नाही. औषधपाण्याचा खर्च झाला असेल तो द्यायचा. सर तक्रार मागं घ्या, असा शब्द तुम्ही दोघांनीही काढायचा नाही. तो त्यांचा हक्क आहे आणि घ्यायची झाली तर ते स्वतः कोर्टात घेतील. निघताना मंडळाच्या लेटरहेडवरचं पत्र त्यांच्या हातात द्या: यंदाच्या फायनलला शिटी वाजवायला याल का म्हणून. ते नाही म्हणाले तर दुसरा रेफरी त्यांनाच सुचवायला सांगा.

तुमची,
वकीलताई